किल्लाबंदरच्या काकांना जाहीर आभाराचं पत्र

दादर, मुंबई

प्रिय काका,

स. न. वि. वि.

मुंबईहून वसईच्या किल्ल्यात येणारा माणूस बहुधा आधी चर्चच्या कमानीखाली फोटो काढतो, मग चिमाजीअप्पांच्या पुतळ्यापाशी काढतो, आणि ‘मराठ्यांनी सगळं पाडलं’ एवढं ज्ञान घेऊन परतीची रिक्षा पकडतो. तुम्ही आमच्या मंडळींना हा क्रम उलटा करायला लावलात. आधी उत्तरेचा तट, मग बुरूज, चर्चं सगळ्यात शेवटी. त्याबद्दल हे जाहीर आभार.

उत्तरच का, हे तुम्ही जमिनीवर काठीने रेघा ओढून दाखवलंत. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला उल्हास नदीच्या खाडीचं मुख, पूर्वेला चिखल आणि खाजण. पायदळाला उभं राहता येईल अशी कोरडी जमीन एका बाजूलाच. किल्ला तेव्हा पोर्तुगीजांचा. १७३९ च्या फेब्रुवारीत मराठ्यांचे सेनापती चिमाजीअप्पांनी त्याचा वेढा आवळला तेव्हा मोर्चे लागले ते तिथेच. तोफांनी असला जाड तट लवकर पडत नाही, म्हणून सुरुंग. सुरुंग म्हणजे नुसती दारू पेटवणं नव्हे, हे तुमच्याइतकं सोपं करून आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. खंदकाच्या आडोशाने तटाच्या पायापर्यंत सरकायचं, बुरुजाखाली पोकळी करायची, तीत दारू ठासायची आणि मागचं तोंड दगडमातीने गच्च बुजवायचं. हे बुजवणं कच्चं राहिलं तर स्फोटाचा जोर बुरूज उचलण्याऐवजी बोगद्यातून उलटा खणणाऱ्यांवरच येतो. समुद्राकाठची रेताड जमीन असली तर थोडं खाली गेलं की पाणी लागतं आणि दारू सादळते. सगळ्यात वाईट म्हणजे वाती सारख्या जळत नाहीत. एक सुरुंग उडाला, खिंडार पडलं म्हणून लोक आत घुसले, आणि शेजारचा सुरुंग तेवढ्यात उडाला, तर आपलीच माणसं ढिगाऱ्याखाली जातात. वरून दगड आणि पेटते गोळे पडत असतात ते वेगळंच.

अखेर सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडलं आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला खाली केला. दोन्हीकडची मिळून हजारो माणसं तोवर गेली होती. चित्रांत घोड्यावरचे सरदार दिसतात. बुरुजाच्या पायाशी मेले त्यांत कुदळ-फावडं घेतलेले बेलदार किती असतील, हा तुमचा प्रश्न आम्ही आता प्रत्येक नव्या मंडळींना विचारतो. आत कोंडलेल्यांतही इथलेच लोक होते. तुम्ही दोन्ही बाजूंची माणसं मोजता, हे आम्हाला फार आवडलं. तसंच, एवढं रक्त सांडल्यावरही हरलेल्यांना बायकामुलांसह, हत्यारं घेऊन मानाने जाऊ दिलं, हे तुम्ही आवाज न चढवता सांगता. आमच्याकडच्या भाषणांत हे वाक्य बहुतेक गाळलं जातं. आणि मोहीम झालीच का, हेही तुम्ही झाकत नाही: १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती, देवळं मोडली गेली, स्वतःच्या धर्माचे विधी करायला बंदी आली. अंजूरच्या गंगाजी नाइकांनी पेशव्यांकडे खेटे घातले ते उगाच नव्हे.

आता मुख्य उपकाराबद्दल. पडझड ओळखायची कशी, ते तुम्ही शिकवलंत. सुरुंगाने फुटलेला भाग पायातून सुटतो आणि अख्खा बाहेरच्या अंगाला घसरतो. वडा-पिंपळाने फोडलेली भिंत वरून खाली चिरत येते, दगड एकेक करून सरकतात आणि फटीत मूळ दिसतंच. तिसरा प्रकार माणसांच्या चोरीचा: कोपऱ्याचे, चौकटींचे घडीव दगड गायब आणि आतला चुना-खडीचा गाभा मात्र उभा. चर्चांवर छप्पर नाही, कारण ते लाकूड आणि कौलांचं होतं. जिथे दगडी कमान घातली होती तिथे ती अजून टिकून आहे. हे कळलं की फिरताना ध्यानात येतं, लढाईने मोडलं त्यापेक्षा नंतरच्या काळाने आणि लोकांनी जास्त मोडलं. इंग्रजांच्या काळात तर किल्ल्यातली जमीन ऊस लावायला भाडेपट्ट्याने दिली होती. ‘मराठ्यांनी सगळं पाडलं’ हे वाक्य तिथेच गळून पडतं.

फ्रान्सिस्कन चर्चमधल्या थडग्यांच्या फरशांवर तुम्ही केलेला प्रयोग फार कामाचा. पाणी ओतायचं नाही, खडू घासायचा नाही. बॅटरी फरशीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकायचा. झिजलेली अक्षरं आणि ढालीवरची चिन्हं सावली धरून उठतात. चपला बाहेर काढा म्हणालात, तेही बरोबरच. तुडवून तुडवूनच ती अक्षरं गेली आहेत.

चर्चच्या घंटा मात्र बाहेर गेल्या. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, घाटावर टांगलेली त्यातलीच, असं मानतात. नाशकात मोठ्याने बोलणाऱ्याला नारोशंकराची घंटा म्हणतात, तीही वसईच्या विजयाशी जोडलेली. अप्पांच्या नवसाचं वज्रेश्वरीचं देऊळ तर तुमच्या भागातले सगळे जाणतात.

येणाऱ्यांसाठी तुमच्याच सूचना इथे लिहून ठेवतो. विरार लोकलने वसई रोडला उतरून पश्चिमेला यायचं, किल्ल्याची बस किंवा रिक्षा घ्यायची. भाईंदरहून रो-रो बोटीने खाडी ओलांडूनही येता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी आठच्या आत. पावसाळ्यात तटावर शेवाळ असतं आणि गवतात साप, तेव्हा बंद बूट आणि हातात काठी. सेंट जोसेफच्या मनोऱ्याचा गोल जिना अरुंद, अंधारा आणि पायऱ्या झिजलेल्या. पाठीवर पिशवी घेऊन तिथे चढू नये. बाहेरचा तट खालून पाहायचा तर ओहोटीच्या वेळी, आणि भरती लागली की लगेच मागे फिरायचं. माणशी दोन लिटर पाणी घरूनच आणायचं. दरवाजाची खिळ्यांची फळी, कमानीचे दगड यांना हात लावून लोंबकळू नये, हे सांगायची वेळ येते हे दुर्दैव.

आम्ही तुमच्या रेघांवरून बुरुजांचा एक साधा नकाशा काढला आहे. पुढच्या रविवारी त्याची छापील प्रत घेऊन येतोय. खाडीकडची वाट आम्ही बारीक ठिपक्यांनी दाखवली आहे. भरतीला ती बुडते, तेव्हा ती लाल करायची की नकाशातून काढूनच टाकायची, ते तुम्ही ठरवा.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
दादरची भटकी मंडळी