आधी उडी, मग डुबकी

महोदय,

एकाच सुट्टीत स्कूबा (पाण्याखालची डुबकी) आणि स्कायडायव्हिंग (विमानातून उडी) दोन्ही उरकण्याचे बेत हल्ली आखले जातात. त्यात क्रम चुकला तर जिवावर बेतते.

पाण्याखाली १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात, ऊतींत विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी उंचावर गेल्यास त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, चक्कर येते, क्वचित पाय लुळे पडतात. एका साध्या डुबकीनंतर १२ तास, अनेक डुबक्यांनंतर १८ तास विमानप्रवास टाळावा, असे सांगतात. पण तो हिशेब प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये राखलेल्या, फार तर ८,००० फुटांवरच्या हवेइतक्या दाबाचा आहे. उडीचे विमान १०,००० ते १३,००० फुटांवर जाते आणि त्यात दाब राखलेला नसतो. डुबकीची नोंद ठेवणाऱ्या, मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरचा ‘नो फ्लाय’ (किती वेळ विमानात बसू नये) आकडाही येथे पुरत नाही. म्हणून निदान २४ तास थांबा, डीकंप्रेशनची (वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावे लागते अशी) डुबकी असेल तर त्याहून जास्त. मालवणहून आंबोलीमार्गे परतणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, तो घाट सुमारे ६९० मीटर उंच आहे.

उलट क्रमात नायट्रोजनची अडचण नाही. मात्र वेगाने खाली येताना कान दडले असतील, तर ते मोकळे होईपर्यंत पाण्यात उतरू नये. पडदा फाटू शकतो.

लक्षणे दिसताच शुद्ध ऑक्सिजन द्यावा, रुग्णाला आडवे ठेवावे आणि दाबकक्ष (वाढीव दाबाखाली उपचार करण्याची खोली) असलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. पुन्हा पाण्यात उतरवणे हा उपचार नव्हे. दोन्हीकडच्या आयोजकांनी नोंदणी अर्जातच शेवटच्या डुबकीची वेळ विचारावी, ही आमची कळकळीची विनंती.

आपले,
दोन्ही छंद जोपासणारे काही वाचक