रुग्णालयातील खेळ आणि कर्मचाऱ्यांच्या दुखापती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१२ मे रोजीच्या जागतिक परिचारिका दिनानिमित्त अनेक रुग्णालयांत परिचारिका, वॉर्डबॉय आणि आया यांच्यासाठी दोरीखेच, खो-खो, धावण्याच्या शर्यती भरवल्या जातात. त्या अवश्य भरवाव्यात. वर्षभर रुग्णांच्या उशाशी उभ्या राहणाऱ्यांना हा विरंगुळा हवाच. मात्र त्या खेळांत कोणी जायबंदी झाले, तर जबाबदारी घ्यायला कोणी पुढे येत नाही.

मी ज्या खासगी रुग्णालयात परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख परिचारिका होते, तेथे रात्रपाळी संपवून थेट सिमेंटच्या आवारात शर्यतीला उभ्या राहिलेल्या एका सिस्टरच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. स्पर्धेचे परिपत्रक प्रशासनाचे होते, हजेरीही घेतली गेली होती. तरीही अपघात नोंदवहीत एक ओळ लिहिली गेली नाही आणि तिला आजारपणाची रजा टाकण्यास सांगण्यात आले.

या नोंदीवर घरखर्च अवलंबून असतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणासाठी वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो आणि त्याला वर्षाला ९१ दिवसांची मर्यादा आहे. कामावरील इजेने आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वासाठी मात्र ९० टक्के लाभ, तोही अपंगत्व असेपर्यंत मिळतो. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला उचलण्याइतका गुडघा सावरायला सहा ते नऊ महिने सहज जातात. कंत्राटी आया आणि वॉर्डबॉय तर नोकरी जाईल या भीतीने दुखणे सांगतही नाहीत.

नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झालेली इजा, ही १९२३ च्या भरपाई कायद्यातील कसोटी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. खेळ म्हणजे काम नव्हे, असे व्यवस्थापन म्हणते. परंतु घरून कामावर येतानाचा अपघातही २०१० च्या दुरुस्तीने विमा योजनेच्या कक्षेत आणला गेला असताना, प्रशासनाच्याच आदेशाने, त्याच्याच आवारात झालेली इजा खासगी कशी ठरते? मनोरुग्णालयांत तर मनोरंजनाच्या सोयी हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णांना दिलेला हक्क आहे. त्यांच्याबरोबर व्हॉलीबॉल खेळणारा परिचर तेव्हा ड्यूटीवरच असतो.

म्हणून अशा खेळांच्या परिपत्रकातच तो अधिकृत कार्यक्रम असल्याचे नमूद करावे, रात्रपाळी केलेल्यांना त्या सकाळी मैदानात उतरवू नये, दुखापतीची नोंद त्याच दिवशी करावी आणि कामगार विभागाने याविषयी सर्व रुग्णालयांना स्पष्ट लेखी सूचना द्याव्यात.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, सोलापूर