कॅरो-कान शिकवणाऱ्या सरांना अनावृत पत्र

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तुमचा चेहरा पडद्यावर कधी येत नाही. पट, बाजूला चालींची यादी आणि मागून येणारा आवाज, एवढीच ओळख. तरी हे आभाराचं पत्र जाहीर लिहावंसं वाटलं. नुसतं ‘छान शिकवता’ म्हटलं तर ते कुणालाही लागू होतं. कॅरो-कान, म्हणजे बुद्धिबळात पांढऱ्याच्या ई४ला काळ्यानं सी६नं उत्तर देण्याची ओपनिंग (डावाची सुरुवात), तिच्या मालिकेत तुम्ही नेमकं काय केलंत, ते व्हिडिओवरून ओपनिंग शिकणाऱ्या बाकीच्यांनाही कळलं तर बरं.

पहिलं अगदी साधं. पट तुम्ही उलटा ठेवलात, काळी मोहरी खाली. काळ्याची ओपनिंग शिकवतानाही पांढरी मोहरी खाली ठेवणारी कितीतरी व्याख्यानं आहेत. मग शिकणाऱ्याच्या डोक्यात चित्र बसतं ते समोरच्याच्या बाजूचं. प्रत्यक्ष खेळताना एच-पट्टी डावीकडे येते, राजा वजिराच्या डावीकडे दिसतो, आणि पाठ असलेली सातवी चाल ऐन वेळी सापडत नाही. दोष स्मरणशक्तीचा नसतो, चित्रच उलटं साठवलेलं असतं.

दुसरं, तुमचं थांबणं. पांढऱ्यानं चाल केली की तुम्ही काही क्षण गप्प बसता आणि मग एकच प्रश्न विचारता: ‘आता याला काय करायचंय?’ काळ्याची चाल त्यानंतर. ही जागा सोडलेली असल्यामुळेच बघणाऱ्याला यूट्यूबवर ‘के’ दाबून व्हिडिओ थांबवता येतो, स्वतःची चाल समोरच्या लाकडी पटावर करता येते, आणि चुकलं तर ‘जे’ दाबून दहा सेकंद मागे जाता येतं. पंचवीस मिनिटांचं व्याख्यान असं बघितलं तर दीड तास सहज जातो. पंचवीस मिनिटांत संपवलं तर सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या पटावर पाचव्या चालीपाशी गाडी अडते. बघताना समजणं आणि न बघता आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. व्हिडिओत पहिलं इतकं सुखाचं होतं की दुसरं राहूनच जातं.

आता त्या सहाव्या भागाबद्दल. मालिकेतला सगळ्यात मोलाचा भाग तोच.

(क्रमांकानंतर आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; तीन टिंबांनंतर फक्त काळ्याची; × म्हणजे मारणं; मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची.) १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई५ उंट एफ५. इथे पांढरा ४. घोडा एफ३ खेळला तर ४... ई६ बिनधास्त करावं, पुढे ५. उंट ई२ आणि निवांत डाव. हे शंभरदा खेळून हाताला सवय लागते: ई५, उंट एफ५, ई६. आणि मग कुणीतरी ४. एच४ खेळतं. दिसायला ही चाल नवशिक्याची, कडेचं प्यादं उगाच पुढे ढकलल्यासारखी. पण मिखाईल ताल यांनी ती १९६१ मध्ये बोटविनिकविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत वापरली होती. सवयीनं ४... ई६ केलं की ५. जी४. उंट ई४ वर गेला तर ६. एफ३, तो जी६ वर परतला की ७. एच५, आणि उंट गेला. जी४, एफ३ आणि एच५ या तीन प्याद्यांनी त्याची घरं बंद केली आणि एच७ वर आपलंच प्यादं बसलेलं. ५... उंट जी६ केलं तरी ६. एच५ उंट ई४ ७. एफ३, परिणाम तोच.

हा सापळा तर कुणीही दाखवील. तुम्ही त्याच्या शेजारी दुसरा पट लावलात, ४. घोडा सी३ ई६ ५. जी४ उंट जी६ असा, आणि विचारलंत, ‘इथे उंट का मरत नाही?’ कारण एच४ अजून झालेलं नाही. ६. एच४ आलं तर काळ्याला एच-प्यादं हलवायला एक चाल मिळते, आणि उंट वाचतो तो तेवढ्या एका चालीवर. दोन्ही ठिकाणी काळ्याच्या चाली सारख्याच. एकीकडे त्या बरोबर आहेत, दुसरीकडे आत्मघातकी, आणि निकाल लावला तो पांढऱ्याच्या चौथ्या चालीनं. क्रम पाठ करणाऱ्याला हा फरक कधी दिसत नाही, कारण त्याच्या वहीत फक्त स्वतःच्या चाली असतात.

उपायही तुम्ही किमतीसकट सांगितलात. ४... एच५ केलं की जी४ला प्याद्यानं मारता येतं, उंट सुरक्षित. पण एच-प्यादं एकदा पुढे गेलं की जी५ घरातून पांढऱ्याच्या उंटाला एच६नं हुसकता येत नाही. म्हणून ५. उंट जी५ येतं. आता लगेच ई६ केलं तर तो उंट थेट डी८ वरच्या वजिरावर नेम धरतो, म्हणून आधी ५... वजीर बी६. तिथून बी२ आणि डी४ दोन्हीकडे डोळा राहतो, आणि मग ई६ला वाट मोकळी. दुसरा रस्ता ४... एच६चा. त्यावर ५. जी४ला उंट एच७ वर नेण्याचा मोह होतो, पण ६. ई६! एफ×ई६ झालं की काळ्याची राजाकडची बाजू आवळली जाते आणि जी६ घर उघडं पडतं. म्हणून उंट निमूटपणे डी७ वर परत आणायचा, तिथून ई६ वर पहारा राहतो. पुढे आलेला मोहरा मागे नेणं नव्या खेळाडूला पराभवासारखं वाटतं. त्या ठिकाणी तुम्ही फक्त ‘जाऊ द्या, डाव लांब आहे’ एवढंच म्हणालात, ते फार नेमकं होतं.

फ्रेंच ओपनिंगशी (ई४ला काळ्याचं ई६) केलेली तुलनाही अशीच. फ्रेंचमध्ये ई६ आधी होतं, त्यामुळे सी८ वरचा उंट प्याद्यांच्या साखळीमागे कोंडला जातो, पण सी५ मात्र एका दमात. कॅरो-कानमध्ये उंट साखळीबाहेर पडतो, पण सी-प्यादं आधी सी६ आणि मग सी५ असे दोन टप्पे घेतं. कुठलीच ओपनिंग फुकट नसते, हे एरवी वाक्य म्हणून ऐकायला मिळतं. इथे ते मोजून दिसलं: एका बाजूला एक उंट, दुसऱ्या बाजूला एक चाल. ओघात फ्रेंचमधली ती प्रसिद्ध घाईही दाखवलीत. १. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई५ सी५ ४. सी३ घोडा सी६ ५. घोडा एफ३ वजीर बी६ ६. उंट डी३ सी×डी४ ७. सी×डी४. आता डी४ वरचं प्यादं फुकट दिसतं. ७... घोडा×डी४ ८. घोडा×डी४ वजीर×डी४ ९. उंट बी५ शह, आणि डी-पट्टी मोकळी झाल्यामुळे वजीर गेला. आधी ७... उंट डी७ केलं असतं तर बी५चा शह उरला नसता आणि डी४ वरचा डोळा खराखुरा झाला असता. चाली त्याच आहेत, फक्त कुठली आधी एवढाच प्रश्न.

एक्स्चेंजच्या, म्हणजे डी५ वर प्याद्यांची अदलाबदल होते त्या भागातला इशाराही कामाचा. ३. ई×डी५ सी×डी५ ४. उंट डी३ झाल्यावर हात आपोआप उंट एफ५कडे जातो, कारण ‘कॅरो-कान म्हणजे उंट एफ५’. तिथे पांढऱ्याचा उंट ते घर धरून बसलेला असतो, म्हणजे उंट सरळ दान. घोडा सी६, घोडा एफ६ आणि मग उंट जी४ हा क्रम, आणि उंट बाहेर गेल्यावर वजीर बी३ येऊन बी७ वर टपतो, त्याला वजीर डी७ हे साधं उत्तर. १९७० मध्ये बेलग्रेडला फिशरविरुद्ध पेट्रोसियन यांनी इथे घोडा ए५ केलं होतं. मग वजीर ए४चा शह, उंटाला डी७ वर परत यावं लागलं, आणि डाव फिशरनी जिंकला. होरेशियो कॅरो आणि मार्कस कान यांचं १८८६चं विश्लेषण तुम्ही एका वाक्यात उरकलंत. इतिहासाच्या हौशींना चुटपुट लागली असेल, पण जागा योग्य ठिकाणी वापरलीत.

तुम्ही दिलेल्या अभ्यासाच्या पद्धतीबद्दलही बोललं पाहिजे. व्याख्यानाखाली पीजीएन फाइल (चालींची तयार नोंद) जोडलेली असतानाही तुम्ही ती आयती उतरवून घेऊ नका म्हणता. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर स्वतःची स्टडी (अभ्यासाची वही) उघडायची, एका फाट्याला, म्हणजे चालींच्या एका वाटेला, एक प्रकरण, आणि प्रत्येक चालीपुढे आपल्या शब्दांत कारण. एका स्टडीत ६४ प्रकरणं मावतात. एका ओपनिंगला एवढी लागत असतील तर आपण गरजेपेक्षा जास्त गोळा करतोय असं समजावं. ‘एच५: जी४ थांबवतो, पण जी५ सैल होतं’ एवढी नोंद पुरते. कारण लिहिता आलं नाही तर ती चाल पाठ झालेली असते, समजलेली नसते, आणि समोरच्यानं वाट बदलली की तिचा उपयोग संपतो.

फाटे किती घ्यायचे यावरचा तुमचा सल्ला तर छापून भिंतीवर लावावा असा. मास्टर्सच्या डावांच्या संग्रहात जे सगळ्यात जास्त खेळलं जातं, ते आपल्यासमोर येईलच असं नाही. लिचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये (कुठली चाल किती डावांत खेळली गेली ते दाखवणाऱ्या साधनात) सर्वसाधारण खेळाडूंचा संग्रह निवडायचा, आपल्या गुणांकनाच्या आसपासचा गट आणि आपण खेळतो ती वेळमर्यादा तेवढी ठेवायची, आणि तिसऱ्या-चौथ्या चालीला लोक खरोखर काय खेळतात ते बघायचं. तयारी तिथून. सोबत तुमची तंबीही लक्षात राहिली: सात डावांपैकी सहा जिंकले म्हणून ८६ टक्के दिसतात, त्या टक्क्यांवर चाल निवडू नका, आधी डावांची संख्या वाचा.

इंजिनाचंही, म्हणजे चाली तोलणाऱ्या प्रोग्रॅमचंही, तसंच. स्टॉकफिश हा असाच प्रोग्रॅम एका चालीला ०.३ आणि दुसरीला ०.५ (प्याद्याच्या मापात) म्हणतो, म्हणून शिकलेली चाल टाकून देण्यात अर्थ नाही. जिची पुढची योजना आपल्याला कळते ती ठेवावी. फरक एका अख्ख्या प्याद्याएवढा झाला तर मात्र थांबून कारण शोधावं. आणि इंजिन आधी बंद ठेवून स्वतः उत्तर लिहायचं, मग चालू करायचं. उलटं केलं की बाण दिसतो आणि डोकं विश्रांतीला जातं.

उजळणीचा क्रमही साधा: दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग पंधरवड्यानं. चुकलेली चाल पुन्हा पहिल्या दिवसात. मध्ये १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंद असे डाव, आणि प्रत्येक डावानंतर एवढंच तपासायचं की वहीबाहेर पहिल्यांदा कोण गेलं आणि कितव्या चालीला. डाव जिंकला की हरला हे त्या तपासणीत धरायचं नाही. तीन मिनिटांच्या डावांत हे जमत नाही, तिथे हात खेळतो.

तक्रार एकच, तीही लाडाची. घोडा डी७च्या भागात ३. घोडा सी३ डी×ई४ ४. घोडा×ई४ घोडा डी७ ५. वजीर ई२ घोडा जी-एफ६ (जी८ वरचा घोडा) ६. घोडा डी६ मात हा गंमतीचा प्रकार तुम्ही इतक्या झपाट्यानं दाखवलात, की ई७चं प्यादं तो घोडा का मारू शकत नाही हे सांगायचं राहून गेलं. घोडा ई४ वरून उठला की ई-पट्टीवर वजीर मोकळा होतो आणि ते प्यादं राजासमोर जखडलं जातं. तुम्हाला हे सांगायला नको. पण तो तुकडा बघणारे बरेचजण बाराशे गुणांकनाच्या आतले असतात, त्यांच्यासाठी तिथेही ते तुमचं थांबणं हवं होतं.

आणि एक मागणी. पानोव्ह हल्ला अजून मालिकेत आलेला नाही: ३. ई×डी५ सी×डी५ ४. सी४ घोडा एफ६ ५. घोडा सी३. तिथे डी४ वर एकटं पडणारं प्यादं आणि त्याच्याभोवतीचा खेळ येतो, आणि तो कॅरो-कानपेक्षा वजिराच्या प्याद्याच्या ओपनिंगांना जास्त जवळचा आहे. ५... ई६, ५... घोडा सी६ आणि ५... जी६ या तिन्हींपैकी तुम्ही कुठली निवडता, आणि उरलेल्या दोन का सोडता, ते ऐकायचं आहे. पट आधीच उलटा करून ठेवला आहे.

आपले,
पडद्याच्या या बाजूचे विद्यार्थी