घरचा रिअ‍ॅक्टर बनवा, पण किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलू नका

मा. संपादक,

इथे न्यू जर्सीत माझ्याकडे समुद्री प्रवाळाची टाकी आहे आणि तिचे रिअ‍ॅक्टर मी घरीच बनवतो (म्हणजे टाकीचं पाणी ज्यातून फिरवायचं ती नळकांडी, कुठलं पाण्यातलं नको ते काढतं, कुठलं हवं ते मिसळतं), मुंबई-पुण्याची पोरं त्याबद्दल सारखं विचारतात म्हणून लिहितोय. पाण्यातलं फॉस्फेट काढणारा सगळ्यात सोपा, पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना स्पंज, आत लोहाच्या संयुगाचे दाणे आणि पाणी खालून वर, फक्त दाणे जेमतेम हलतील इतकंच, जोर जास्त झाला की त्यांची भुकटी होऊन टाकीत जाते.

प्रवाळाला कॅल्शियम पुरवणारा चुन्याचा मात्र जपून! लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो पण त्या निवळीचा पीएच १२ च्या वर जातो, म्हणजे ती फार तीव्र अल्कधर्मी असते, म्हणून उडून गेलेल्या पाण्याच्या जागी थेंब थेंबच सोडायची, शक्यतो रात्री, कारण तेव्हा टाकीचा पीएच उतरलेला असतो. पंप अडकून सगळी निवळी एकदम पडली तर मासे जातात हो, टायमर लावाच.

आता खरं सांगायचं ते कॅल्शियम रिअ‍ॅक्टरचं. त्यात कार्बन डायऑक्साइडने पाणी आम्लधर्मी करून प्रवाळाचे सांगाडे विरघळवतात, म्हणजे त्यातलं कॅल्शियम टाकीतल्या प्रवाळाला मिळतं, आणि त्यासाठी कोणी मालवणच्या किनाऱ्यावरून तुकडे गोळा करायचा विचार करत असेल तर प्लीज नको. भारतात दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. जिवंत दगडी प्रवाळ टाकीत ठेवणंही त्यामुळे भारतात कायद्यात बसत नाही. नुसते मासे ठेवा, फॉस्फेटचा रिअ‍ॅक्टर त्यांनाही उपयोगी पडतो.

– एक वाचक, न्यू जर्सी