खारपाणपट्ट्यात राजस्थानची नक्कल नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय खाद्यतेल अभियानाने तेलबियांसाठी 2030-31 पर्यंतचा आराखडा आखल्यापासून एक युक्तिवाद सारखा कानावर येतो : राजस्थान-हरियाणात खाऱ्या पाण्यावर मोहरी पिकते, मग अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअर मारून तेलबिया का घेऊ नयेत? तिकडे पिकते हे खरे. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने सीएस 52, 54, 56 हे मोहरीचे वाण अशाच जमिनींसाठी काढले. पण तिथली बरीचशी जमीन रेताड; पाण्याचा निचरा होतो आणि मीठ मुळांच्या खाली उतरते. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या दर्यापूर-तेल्हाऱ्याची काळी चिकण माती पाणी सोडत नाही, मीठही सोडत नाही.

साधा हिशेब करा. विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचे माप) मीटरला 2 डेसीसायमन असलेल्या पाण्यात लिटरमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. ओलिताची 6 सेंमीची एक पाळी म्हणजे एकरी 2 लाख 40 हजार लिटर. एका ओलितात शेतात 300 किलो क्षार पडले!

तरी खरा घात सोडियम करतो, आणि तो लगेच दिसत नाही. ओलित चालू असेपर्यंत जमीन बरी वाटते, कारण पाण्यातले क्षारच चिकणमातीचे कण एकत्र धरून ठेवतात. पावसाळ्यात हे क्षार धुऊन जातात, सोडियम मात्र कणांना चिकटलेला राहतो. मग कण विस्कटतात, छिद्रे बुजतात, वर पापुद्रा धरतो. शेतात पाणी तुंबलेले आणि वीतभर खाली माती कोरडी, अशी गत होते. दोष बियाण्याच्या माथी जातो.

म्हणून पाणी चाखून ठरवू नये. बायकार्बोनेटचे पाणी जिभेला खारे लागतच नाही, पण जमीन चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट आणि निचरा न होणारी, करते ते तेच. पंप पंधरा-वीस मिनिटे चालू द्यावा, प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने विसळून लिटरभर नमुना घ्यावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत पोचवावा. अहवालात सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता एवढेच असेल तर तो अर्धवट आहे. आरएससी, म्हणजे उर्वरित सोडियम कार्बोनेट (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्त असलेले कार्बोनेट-बायकार्बोनेट), मागून घ्यावे. ते लिटरमागे 1.25 मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत निर्धोक, 2.5 च्या वर गेले की पाणी तसेच वापरू नये. आरएससी 5 वरून 2.5 वर आणायला 70 टक्के शुद्ध जिप्सम (सोडियमची जागा घेणारे कॅल्शियम देणारे खनिज) एका पाळीमागे एकरी 75 किलो लागते. जमीन आधीच चोपण झाली असेल तर माती परीक्षणातून निघेल तेवढे जिप्सम पावसाळ्यापूर्वी वरच्या 10-15 सेंमी थरात मिसळावे. खोल नांगरून गाडले तर ते फुकट जाते.

आता पीक. भुईमुगाचा विचारच सोडावा : मातीतली क्षारता 3.2 डेसीसायमनच्या वर गेली की पुढच्या प्रत्येक डेसीसायमनला उत्पादन 29 टक्क्यांनी घटते. रब्बीत इकडे सरसकट हरभरा होतो, तोही मिठाला हळवा. आमच्या मते या पट्ट्याचे तेलबिया पीक करडईच. तिचे सोटमूळ खोल जाऊन साठलेली ओल शोषते, त्यामुळे ओलित कमी लागते. काट्यांमुळे मजूर नाक मुरडतात, पण आता कापणी-मळणी हार्वेस्टरने होते.

करडई मिठाला नाजूक असते ती उगवणीच्या वेळी. त्यामुळे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या ओलीवरच 45 बाय 20 सेंमीवर पेरावी. खाऱ्या पाण्यावर उगवण काढू नये. सरी-वरंबा असेल तर बी वरंब्याच्या कुशीत टाकावे. माथ्यावर मिठाची पांढरी फूट येते, तिथे कोंब करपतो. पहिले पाणी 30-35 दिवसांनी, तेही शेततळ्यात साठवलेले पावसाचे. फुलोऱ्याच्या सुमारास, 55-60 दिवसांनी दुसरे द्यावेच लागले तर तपासलेले बोअरचे चालेल. दोन्ही पाणी एकत्र करू नये, त्यात चांगले पाणीही नासते. भेगा रुंदावल्यानंतर तर पाणी देऊच नये : ते भेगांतून थेट मुळाशी घुसते, शेत चिबडते आणि मर रोग लागतो. तुषार संच असल्यास रात्री चालवावा, दिवसा पानांवर मीठ वाळून ती भाजतात.

30 बाय 30 बाय 3 मीटरच्या शेततळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. बाष्पीभवन, झिरपा धरूनही चार-पाच एकरांची एक पाळी त्यातून भागते. या पट्ट्यात अनुदानाचा पैसा आधी शेततळ्याला आणि जिप्समला मिळावा. बोअरसाठी द्यायचाच असेल तर आरएससीसह पाण्याचा अहवाल पाहूनच द्यावा. नमुना मे महिन्याचा असावा, कारण पावसाळ्यानंतर तेच पाणी कागदावर बरेच सौम्य दिसते.

– माती-पाणी परीक्षणाचे काम करणारे काही वाचक, अकोला