रोपे पुरे झाली, आता छपरावरचे पाणी मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर लागला की चर्चच्या किंवा कॉन्व्हेंट शाळेच्या आवारातला एक फोटो कुठल्या ना कुठल्या पेपरात झळकतोच. फादर, मुख्याध्यापिका सिस्टर, एखादे नगरसेवक आणि गणवेशातली मुले एका रोपाभोवती दाटीवाटीने उभी. रोप एक, हात दहा. पुढच्या सप्टेंबरला बहुधा त्याच खड्ड्यात नवे रोप लागते, कारण मधल्या मे महिन्यात पाणी कोण घालणार, हे कुणी ठरवलेलेच नसते.

या महिन्याला आम्हा कॅथलिकांच्या दृष्टीने महत्त्व आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये 1 सप्टेंबर हा सृष्टीच्या जपणुकीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. तिथून 4 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीकर संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, हा प्रार्थनेचा काळ चालतो. या संताला पर्यावरणाचा आश्रयदाता म्हणून पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979 मध्येच घोषित केले होते. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे सृष्टीच्या जपणुकीवरचे परिपत्रकही 2015 चेच. त्यातला 211 वा परिच्छेद आमच्या प्रवचनांतून वरचेवर ऐकू येतो: प्लास्टिक कमी वापरा, पाणी जपून वापरा, कचरा वेगळा करा, लागेल तेवढेच शिजवा, नको तिथले दिवे मालवा, झाडे लावा. सगळे योग्यच आहे. पण थोडे पुढे 219 वा परिच्छेद आहे. एकेकट्याने केलेल्या सत्कृत्यांची बेरीज करून समाजाचे प्रश्न सुटत नाहीत, त्यासाठी समुदायाने समुदाय म्हणून उभे राहावे लागते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हा परिच्छेद वेदीवरून वाचलेला मी अजून ऐकला नाही. कारण उघड आहे. 211 पाळायचा तो घरातल्या बायकामाणसांनी. 219 पाळायचा म्हटला, तर धर्मग्रामाला, म्हणजे एका चर्चच्या साऱ्या समुदायाला, आणि शाळेला खिशात हात घालावा लागेल.

आपल्या जिल्ह्यात आम्ही कॅथलिक मूठभर. मिशन म्हटले की सांगलीकरांना मिरजेचे वानलेस रुग्णालय आठवते, आणि ते प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनने उभारलेले. आमचा धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, पुण्याचा. पण शाळांमुळे डोक्यांच्या मानाने आमच्याकडे जागा आणि छपरे भरपूर, आणि त्या शाळांत शिकणारी बहुतेक मुले कॅथलिक नाहीत. म्हणून हे पत्र चर्चच्या पत्रिकेला न धाडता तुमच्याकडे पाठवते आहे.

आमच्या भागातल्या एका शाळेचे आवार पाहा. नाव घेत नाही, कारण इतर धर्मांच्या संस्थांचीही तीच गत आहे. पूर्वी तिथे मुरमाचे मैदान होते. पावसाळ्यात चिखल होतो, मुलांचे बूट खराब होतात, अशी पालकांची तक्रार आली आणि फाटकापासून व्हरांड्यापर्यंत पेव्हिंग ब्लॉक बसले. कोपऱ्यातल्या जुन्या कडुनिंबाच्या बुंध्याला चारी बाजूंनी सिमेंट भिडले आहे, साल जिथे जमिनीत शिरते तिथे बोट घालायलाही जागा नाही. छपराचे पाणी जाड पाइपातून खाली येते, ब्लॉकवरून फाटकाबाहेर वाहते आणि रस्त्यावर गुडघाभर डबके करते. त्याच डबक्यातून मुले शाळेत येतात. बूट आजही भिजतातच. आणि एप्रिलमध्ये याच फाटकातून टँकर आत येतो.

आता हिशेब मांडू. 1 चौरस मीटर छपरावर 1 मिलीमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी मिळते. शाळेचे छप्पर 200 चौरस मीटरचे धरा, बहुतेक शाळांचे याहून मोठेच असते. वर्षाचा पाऊस हात राखून 500 मिलीमीटर धरा. झाले 1 लाख लिटर. पहिल्या पावसाचे धुवून सोडलेले आणि उडून गेलेले वजा करून 80 हजार लिटर म्हणू. म्हणजे 10 हजार लिटरचे आठ टँकर. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी निघाली, तेव्हा तिच्या 10 टाक्यांत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. देशभरच्या वाहिन्या ते दृश्य दाखवत होत्या. शाळांची अशी सहा छपरे एकत्र केली तर वर्षात जवळपास तेवढे पाणी आपण गटारात सोडतो, आणि त्याची बातमी होत नाही.

याने महापूर थांबेल असे कुणी समजू नये. 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, ती महाबळेश्वर, कोयना आणि वारणेच्या पाणलोटातल्या पावसाने. शाळेची टाकी त्यापुढे किती पुरणार? आणि सगळीकडे एकच उपायही चालणार नाही. सांगलीत नदीकाठच्या काळ्या मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो, तिथे टाकी बांधून ते पाणी संडासाला, बागेला आणि फरशी पुसायला वापरलेले बरे. कवठेमहांकाळ, जतकडच्या मुरमाड जमिनीत छपराचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरभोवती जिरवता येते. गाळणी मात्र दर मे महिन्यात उपसून धुवावी लागते. उद्‌घाटनाची फीत कापणारे बरेच मिळतात, गाळणी धुणारा नेमून ठेवावा लागतो.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येणारच. पण पेव्हिंग ब्लॉकला पैसे निघाले होते. फाटकावरच्या कमानीला निघाले, सणाच्या मंडपाला आणि साउंड सिस्टिमला दरवर्षी निघतात. खरी अडचण पैशाची कमी आणि बदलीची जास्त आहे. फादर काही वर्षांनी बदलून जातात, मुख्याध्यापिका सिस्टरांचेही तेच. एकाने सुरू केलेले काम दुसऱ्याला माहीतच नसते. म्हणून हे काम आम्हा प्रापंचिकांनीच हाती धरायला हवे. चर्चच्या कायद्यातल्या 537 व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असणे बंधनकारक आहे. तिच्यात आमच्यापैकीच बँकेतून, एसटीतून निवृत्त झालेली माणसे बसतात. वर्षाचा जमाखर्च वाचताना विजेचे बिल, रंगरंगोटी, वाजंत्री यांच्या ओळी असतात, तशी पाण्याची एक ओळ असावी: टँकरवर किती गेले, छपरावरून किती साठवले. एवढे वाचले गेले तरी लोक आपोआप प्रश्न विचारू लागतील.

व्हॅटिकनने 2021 च्या नोव्हेंबरमध्ये सृष्टीच्या जपणुकीसाठी सात वर्षांचा कार्यक्रम सुरू केला. कुटुंबे, धर्मग्राम व धर्मप्रांत, शाळा, रुग्णालये अशा सात गटांनी आपापला आराखडा करायचा, असे त्याचे स्वरूप आहे. आपल्याकडे तो बहुतांशी पोस्टरपुरता उरला आहे. शाळांत तर ‘पृथ्वी वाचवा’ प्रकल्पासाठी मुलांकडून थर्माकोलचा गोळा आणि चमकी मागवतात. थर्माकोलच्या ताटवाट्या राज्यात 2018 पासून बंद आहेत, पण प्रकल्पातली पृथ्वी अजून थर्माकोलचीच. त्यापेक्षा सातवीच्या वर्गाने शाळेचे छप्पर टेपने मोजावे, पर्जन्यमापकाची रोजची नोंद फळ्यावर लिहावी आणि सांगलीची मुले असतील तर त्यांना एकदा शहराचे सांडपाणी वाहणारा शेरीनाला कृष्णेला मिळतो ती जागा दाखवावी. पुस्तकातला जलप्रदूषणाचा धडा मग वेगळा शिकवायची गरज पडणार नाही.

घरांबद्दल लिहायचे तर आमच्या सणसमारंभांबद्दलच लिहावे लागेल. गणेशोत्सवात मंडळांना शाडूच्या मूर्तीचा उपदेश करणारे आम्ही नाताळात बाळ येशूच्या गोठ्याला प्लास्टिकचे गवत लावतो. गवताला या जिल्ह्यात तोटा आहे का? उसाचे पाचट शेतकरी जाळून टाकतो, धूर आपण खातो. मागितले तर तो आनंदाने देईल. मुलांच्या पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या, जेवणावळीत 200 मिलीलिटरच्या बाटल्या वाटतात. दोन घोट पिऊन अर्धी बाटली खुर्चीखाली, आणि दुसऱ्या दिवशी तो खच उचलायला महापालिकेच्या सफाई कामगार भगिनी. स्टीलचे पेले विसळायला माणसे मिळत नाहीत म्हणतात. आमच्या लहानपणी वाढप्यांबरोबर पेले विसळणारी तरुण पोरेही असत, तीही धर्मग्रामातलीच.

श्रमदानाचे म्हणाल तर सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने 2016 मध्ये पानी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेतला पहिला वॉटर कप मिळवून दाखवला. ती माणसे उन्हातान्हात कुदळ-फावडे घेऊन राबली. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात आम्ही चाळीस दिवस मटण सोडतो. तो काळ फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्ये येतो, म्हणजे खड्डे खणायला आणि टाक्या साफ करायला याहून सोयीचे दिवस नाहीत. एका शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना) झाल्यावर सगळ्यांनी दोन तास आवारात काम केले तर फादर नक्कीच नाही म्हणणार नाहीत.

आमच्या धर्मग्रामाच्या पालकीय परिषदेच्या (फादरांना सल्ला देणाऱ्या मंडळाच्या) पुढच्या बैठकीत कडुनिंबाभोवतीचे ब्लॉक काढणे आणि छपराच्या पाइपाला टाकी जोडणे हे दोन विषय घ्यावेत, असा अर्ज मी दिला आहे. पुढच्या सप्टेंबरात कुणी वृक्षारोपणाचा फोटो घेऊन आपल्या कार्यालयात आले, तर गेल्या वर्षीचे रोप किती वाढले आणि छपराचे पाणी कुठे जाते, एवढे दोन प्रश्न आपल्या वार्ताहराने विचारावेत, ही विनंती. उत्तर मिळाले तर फोटो जरूर छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली