बिलावर नुसतं ‘इंजिन ऑइल’ लिहून कसं चालेल?

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यायची त्यावर लेख होता, टायर-बॅटरीचा भाग मस्तच होता, पण ‘आपल्याकडच्या गरमीत जरा जाड ऑइल टाकलेलं बरं’ असं एक वाक्य त्यात सहज टाकून दिलंय आणि ते मला खटकलं म्हणून हे पत्र. गॅरेजमध्ये तर हे रोजच ऐकतो, आता पेपरात छापून आल्यावर मिस्त्री लोक तेच कात्रण दाखवणार.

ऑइलच्या डब्यावर ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० असा काहीतरी ग्रेड लिहिलेला असतो. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचा, आणि नंतरचा आकडा गरम इंजिनमध्ये, म्हणजे १०० डिग्रीला, ऑइल किती जाड राहतं त्याचा. आता नागपूरचा मे असो नाहीतर महाबळेश्वरचा डिसेंबर, इंजिन एकदा तापलं की थर्मोस्टॅट नावाचा व्हॉल्व्ह कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याला, साधारण ९० डिग्रीच्या आसपास धरून ठेवतो, त्यामुळे बाहेर ४५ आहे म्हणून आतलं ऑइल पाण्यासारखं होतं असं काही नाही. जुन्या गाड्यांचं वेगळं हं, त्यांच्यासोबत मिळणाऱ्या पुस्तकात बाहेरच्या तापमानानुसार तक्ताच असायचा आणि २०डब्ल्यू-४० पण चालायचं, त्यांना खुशाल टाका. पण हल्लीच्या पेट्रोल गाड्यांत व्हॉल्व्हचं टायमिंग पुढेमागे करायचं कामसुद्धा ऑइलच्या प्रेशरवर चालतं, आतल्या वाटा बारीक, ऑइल पंप आणि बेअरिंगमधल्या फटी पातळ ऑइल धरूनच ठरवलेल्या. तिथे जाड ऑइल टाकलं की सकाळी स्टार्ट केल्यावर ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि मायलेजही थोडं जातं. गाडी ऑइल खायला लागली की जाड टाकून द्यायचं हा दुसरा प्रकार, त्याने धूर जरा कमी दिसतो पण पिस्टनच्या रिंगा घासल्यात त्या घासलेल्याच राहतात.

आणि नुसता ग्रेड जुळला म्हणून झालं असंही नाही. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात कमी आरपीएमला जोर दिला की कधीकधी स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटतं, पिस्टन फुटण्यापर्यंत वेळ येते, त्यासाठी ऑइलमधली केमिकलं बदलावी लागली, २०२० मध्ये आलेलं एपीआय एसपी (एपीआय ही ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था) त्यातलंच. बीएस-६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला कमी राख करणारं ऑइल लागतं, एसीईए या युरोपियन दर्जाचं सी२ की सी३ ते पुस्तकात बघा. भलतंच टाकलं तर राख फिल्टरमध्ये साचते आणि ती काजळीसारखी जाळून काढता येत नाही, मग फिल्टरचा खर्च ऐकून घाम फुटतो.

मुद्दा हा की हे सगळं पाळायचं तर आपल्या गाडीत काय पडलं ते आधी कळलं तर पाहिजे ना. माझ्या मागच्या सर्व्हिसिंगच्या बिलावर फक्त ‘इंजिन ऑइल’ आणि त्यापुढे लिटर आणि रुपये. कुठला ग्रेड विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला सर कंपनीचंच असतं. अहो पण बॅरलमधून गनने भरता तर त्या बॅरलवर काहीतरी लिहिलेलं असेलच की, तेच बिलावर टाका, ग्रेड, एपीआय की एसीईए. किराणावाला सुद्धा तांदूळ कुठला ते लिहून देतो. उद्या वॉरंटीत इंजिनचं काही निघालं आणि कंपनीने ऑइल कुठलं होतं विचारलं तर गाडीमालकाने दाखवायचं काय?

दुसरं म्हणजे किलोमीटर. १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असं बऱ्याच पुस्तकांत लिहिलेलं असतं, त्यात जे आधी होईल ते, पण लोक पहिलंच वाचतात. मुलांची शाळा, भाजी, स्टेशन एवढंच फिरणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही, पाण्याची वाफ आणि थोडं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं, मग गाडी फिरली नाही तरी ऑइल खराब होतं. अशा वापराला काही पुस्तकांत याहून लवकर बदला असंही दिलेलं असतं. डिझेलवाल्यांनी डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नये, डीपीएफ साफ होताना डिझेल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं त्याने लेव्हल वाढते. रंग काळा झाला म्हणून मात्र घाबरू नका, डिझेलचं तर लगेचच होतं. ऑइलची लाल लाइट चालू गाडीत लागली की पुढच्या पंपापर्यंत नेऊ बघू नका, बाजूला घेऊन बंदच करा.

घरून ऑइलचा डबा घेऊन जाणाऱ्यांना एकच सांगणं, रिकामा डबा तिथे अख्खा सोडू नका, भोक पाडा, असे डबे नकली ऑइल भरायला जातात.

पुढच्या रविवारी त्या लेखाबद्दल दुरुस्तीची एक ओळ छापावी ही विनंती, की पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच टाका. आणि लेखकांनी पुढे कधी सर्व्हिसिंगच्या वेळी गळ्यात मारतात त्या इंजिन फ्लशिंगवरही (म्हणजे केमिकलने इंजिन आतून धुणं) लिहावं, त्याचे वेगळे पैसे लावतात आणि गरज होती का ते कोणी सांगत नाही.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक